किनाऱ्याची संमती

दिल्लीला समुद्र नाही. तरीही भारताच्या सागरी व्यवहाराचे महत्त्वाचे निर्णय स्वातंत्र्यानंतरच्या सर्व काळात दिल्लीतच होत आले आहेत. मुंबईची गोदी किती खोल करावी, न्हावा-शेव्याचा धक्का कोणाला चालवावयास द्यावा, डहाणूच्या समुद्रात भराव घालावा की घालू नये, या प्रश्नांच्या फायली संसद मार्गावरील परिवहन भवनात फिरल्या. या इमारतीतील मंत्रालयाचे नाव अनेकदा बदलले. २०२० मध्ये त्याच्या नावात ‘बंदरे’ हा शब्द प्रथमस्थानी आला. अधिकार मात्र त्यापूर्वीही त्याच्याकडेच होता. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत बंदरांची वाटणी स्पष्ट केलेली आहे. संसदेने केलेल्या किंवा आधीपासून अस्तित्वात असलेल्या कायद्याने ‘प्रमुख’ म्हणून घोषित झालेली बंदरे संघसूचीतील सत्ताविसाव्या नोंदीखाली येतात, तर उरलेली बंदरे समवर्ती सूचीतील एकतिसाव्या नोंदीखाली. प्रमुख आणि इतर बंदरे हा भेद १९३५ च्या कायद्यातही होता. ‘प्रमुख’ हे येथे आकाराचे विशेषण नसून अधिकाराचे विशेषण आहे, ही गोष्ट सामान्य वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. कच्छमधील मुंद्रा हे बंदर मालाच्या उलाढालीत देशात अग्रभागी असूनही कायद्याच्या भाषेत ते प्रमुख बंदर नव्हे. कारण ते दिल्लीचे नव्हे.

दिल्लीला समुद्राची ही ओढ का लागली, याला एक ऐतिहासिक कारण आहे. फाळणीपूर्वी पंजाबचे आणि दिल्लीभोवतालच्या प्रदेशाचे बंदर म्हणजे कराची. गव्हाची पोती आणि कापसाचे गठ्ठे रेल्वेने कराचीला जात व तेथून परदेशी रवाना होत. १९४७ च्या ऑगस्टमध्ये हा समुद्र एका रात्रीत परका झाला. त्या पोकळीचा विचार करण्यासाठी कस्तुरभाई लालभाई यांच्या अध्यक्षतेखाली १९४८ मध्ये समिती नेमली गेली. तिने कांडला येथे नवे बंदर उभारण्याची शिफारस केली आणि १९५५ मध्ये कांडला हे प्रमुख बंदर झाले. तेव्हापासून उत्तर हिंदुस्थानला पश्चिम किनाऱ्याकडे पाहण्याची जी सवय लागली, ती आज अधिकच दृढ झाली आहे. १९९३ पासून तुघलकाबाद येथे कंटेनरांचे आंतर्देशीय आगार चालू आहे. न्हावा-शेव्याला उतरलेल्या पेटीचे सील समुद्रकिनारी न फोडता दिल्लीच्या दारात फोडले जाते आणि जकातीचे सोपस्कार तेथेच पार पडतात. राजधानी क्षेत्रातील दादरीपासून थेट न्हावा-शेव्यापर्यंत मालगाड्यांसाठी सुमारे दीड हजार किलोमीटरचा स्वतंत्र लोहमार्ग आखला गेला तो याच नात्यापोटी. बंदराचा एक धक्का उरणच्या खाडीत आणि दुसरा यमुनेच्या खोऱ्यात, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

बंदर हे असे दूरवर पसरलेले असते. प्रश्न असा पडतो की, ज्या किनाऱ्यावर ते उभे राहते त्या किनाऱ्याच्या माणसाला या रचनेत कोणते स्थान आहे? बंदराच्या प्रशासनाचा इतिहास सहसा गोद्या, धक्के, बोटी आणि टनांचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचा आहे. त्यासाठी प्रारंभ मात्र मुंबईपासून न करता एका मराठी ग्रंथापासून करणे उचित ठरेल.

रामचंद्रपंत अमात्याचे ‘आज्ञापत्र’ सामान्यतः १७१६ च्या सुमाराचे मानले जाते. आपल्या विद्यापीठांतून ते ऐतिहासिक गद्याचा नमुना म्हणून शिकवले जाते आणि विद्यार्थी त्यातील दुर्गप्रकरणावर टिपा लिहितात. त्यातील साहुकार, टोपीकर आणि आरमार या विषयांचे विवेचन सलग वाचले, तर मराठीत बंदरव्यवस्थेचा विचार करणारा हा एक आद्य ग्रंथ आहे, हे लक्षात येते. अमात्याला बंदर हवे आहे आणि परदेशी मालही हवा आहे. साहुकार ही राज्याची शोभा आहे, असे त्याचे मत आहे. परंतु टोपीकरांना व्यापारासाठी जागा द्यावयाची तर ती समुद्रकिनारी वा खाडीच्या मुखाशी देऊ नये, आत एखाद्या मोठ्या गावालगत सखल ठिकाणी द्यावी, असे तो बजावतो. या लोकांचा व्यापार कधी राज्य होईल याचा नेम नाही, हे त्याने ओळखले होते. मुंबईत इंग्रज कसे स्थिरावले हे त्याच्या डोळ्यांसमोर होते.

आरमाराच्या खर्चाबद्दलचा त्याचा सल्ला तर आजच्या वित्ताधिकाऱ्यानेही वाचावा असा आहे. आरमाराचा तनखा मुलुखाच्या उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदरात होणाऱ्या प्राप्तीवर तो सोपवू नये, असे तो सांगतो. कारण उघड आहे. ज्याचे पोट बंदराच्या प्राप्तीवर भरते तो अधिकारी व्यापाऱ्याला नाडतो, व्यापारी नाडला गेला की तो दुसऱ्या बंदराकडे वळतो आणि बंदर ओस पडते. बंदर टिकवणे हे प्राप्तीपेक्षा मोठे, हा त्यातील विचार.

परंतु माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा भाग लाकडाविषयीचा आहे. जहाजे बांधावयाची तर उत्तम लाकूड हवे. राज्यातील सागवान आदी झाडे परवानगीने तोडावीत, कमी पडेल ते परमुलुखातून विकत आणावे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे आहे, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी सर्वथा करू नये. हा उतारा पर्यावरणाच्या कार्यक्रमांतून आणि शालेय फलकांवरून पुष्कळदा शिवाजी महाराजांच्या नावाने उद्धृत केला जातो. धोरण त्यांच्या परंपरेतले आहे यात संशय नाही, पण वाक्ये अमात्याची आहेत. शिवाय ते वृक्षसंवर्धनाचे सुभाषित म्हणून लिहिलेले नाही. ते आरमाराच्या प्रकरणात आले आहे. राज्याच्या सर्वांत निकडीच्या सागरी गरजेच्या मध्यभागी अमात्य थांबतो आणि त्या गरजेला रयतेच्या संमतीची अट घालतो.

यातून अठराव्या शतकातील कोकणचे सोनेरी चित्र रंगवण्याचा मोह टाळला पाहिजे. उपदेश करावा लागतो तो बहुधा व्यवहार तसा नसतो म्हणूनच. रयतेचे दुःख मुळाशी असेल तर राज्याला ते भोवते, हा त्यातील हिशोबही राज्यकर्त्याचाच आहे. तरीही एक भाषिक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. अमात्य ‘प्रयोजन’ हा शब्द वापरतो. पुढे १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या मराठी भाषेत ‘सार्वजनिक प्रयोजन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. शब्द तोच राहिला. आधीच्या वाक्यात प्रयोजनापाशी थबकणारा ‘संतोष’ मात्र नंतरच्या वाक्यात उरला नाही. नव्या कायद्यात मोबदला होता, हरकत नोंदवण्याची मुदत होती, पण संमतीचे कलम नव्हते.

मुंबईच्या बंदराची घडण या दुसऱ्या भाषेत झाली. १७३५ नंतर सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी जहाजबांधणीची गोदी नावारूपाला आणली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी उतारूंसाठी धक्का बांधला आणि त्यांचे घरगुती नाव त्या धक्क्याला कायमचे चिकटले. १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले, तेव्हा समुद्र हटवून जमीन करण्याचा उद्योग ऐन भरात होता. १८५८ मध्ये स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने पूर्व किनाऱ्याचा मोक्याचा भाग ताब्यात घेतला होता. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपचे अंतर एकदम कमी झाले. साऱ्या बंदराचे तोंड एका खाजगी कंपनीच्या मुठीत आहे, याची सरकारला तेव्हा जाग आली. सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्ट या संस्थेची स्थापना केली.

‘ट्रस्ट’ या शब्दाचा येथे थोडा विचार केला पाहिजे. मराठीत आपण त्याला ‘विश्वस्त संस्था’ म्हणतो आणि विश्वस्त म्हटले की दुसऱ्याची ठेव सांभाळणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. मुंबईच्या या विश्वस्तांनी ठेव उत्तम सांभाळली, हे निःसंशय. ससून गोदी १८७५ मध्ये खाजगी उद्योगातून झाली; ती ट्रस्टने पुढे विकत घेतली. १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी, जिला आज इंदिरा गोदी म्हणतात, अशी ही मालिका आहे. ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव बॅलार्ड इस्टेटला मिळाले. शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील साडेसातशे हेक्टरांच्या आसपासची जमीन या संस्थेच्या ताब्यात राहिली आणि मुंबईकराला आपल्या शहराला पूर्वेकडेही समुद्र आहे याचा जवळजवळ विसर पडला. ठेव कोणाची, हा प्रश्न विचारल्यास उत्तर मिळते ते व्यापाराची. विश्वस्तांच्या बैठकीत सरकार होते, चेंबर ऑफ कॉमर्स होते, रेल्वे होती. माझगाव-शिवडीच्या कोळ्याचे तेथे काही काम आहे, असे कोणाला वाटले नाही.

हमालाला तेथे पोहोचण्यासाठी पाऊण शतक लागले. घाटावरून आणि कोकणातून आलेला मजूर टोळीवाल्याच्या मेहेरबानीवर जगत असे. सकाळी गोदीच्या दाराशी उभे राहायचे, टोळीवाल्याने बोट दाखवले तर त्या दिवशी चूल पेटणार. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत कापसाचे गठ्ठे आणि स्फोटके एकत्र वाहणारे ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज पेटून फुटले. आग विझवताना अग्निशमन दलाचे साठांहून अधिक जवान मृत्युमुखी पडले. गोदीत आणि भोवतालच्या वस्तीत मेलेल्यांची संख्या कित्येक शेकड्यांची होती. आपले काम काय वाहते हेही ज्याला ठाऊक नाही असा मजूर त्या दिवशी सर्वांना दिसला. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला, नोंदणी आली, कामगार मंडळे आली आणि पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांच्या संघटनेने टोळीवाल्याची सद्दी मोडून काढली. पुढे १९६३ च्या प्रमुख बंदर विश्वस्त कायद्याने विश्वस्तांमध्ये कामगारांच्या प्रतिनिधीला जागा दिली. अण्णा भाऊ साठ्यांपासून नारायण सुर्व्यांपर्यंतच्या लेखनातून श्रमिकांची मुंबई मराठी साहित्यात आली, तिच्यामागे हा संघर्ष आहे. गोदीला मराठी साहित्यात जागा मिळाली. खाडीपलीकडच्या किनाऱ्याला ती त्या मानाने फारच थोडी मिळाली.

हा पलीकडचा किनारा म्हणजे उरण-पनवेल. भाताची खार जमीन, खाडीचे पाणी अडवणारे बांध, मिठागरे आणि मासेमारी यांवर आगरी व कोळी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या जगत आला. बांध फुटला की शेत खारे होते आणि पुन्हा गोडे व्हायला काही वर्षे जातात, म्हणून बांधाची राखण सर्व गावाने मिळून करावयाची असे. या जिल्ह्याच्या, तेव्हाच्या कुलाब्याच्या, स्मृतीत जमिनीचा लढा खोलवर रुजलेला आहे. १९३० च्या २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमीन पडीक ठेवली, रानातली लाकडे विकली, पण खोताची शेते कसली नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले, त्याला या संपाची पार्श्वभूमी होती. १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन या टप्प्यांनी अखेर कुळाचे नाव सात-बारावर मालक म्हणून लागले.

मालकीचे हे सुख एका पिढीपुरतेही टिकले नाही. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. ती बुद्धिमान माणसांची, सद्हेतूची कल्पना होती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कोंडलेल्या मुंबईला दुसरा श्वास द्यावयाचा होता आणि न्हावा-शेव्याचे नियोजित बंदर हा त्या कल्पनेचा एक आधार होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनासाठी अधिसूचित झाल्या. नकाशावर जेथे मोकळी जागा दिसत होती तेथे शेते, मिठागरे आणि गावठाणे होती.

१९८४ च्या जानेवारीत या विरोधाचा भडका उडाला. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील हे जासईचे, याच मातीतले. चरीच्या संपातून घडलेल्या राजकीय परंपरेचा वारसा त्यांच्याकडे आला होता. मागणी बंदर नको अशी नव्हती. जमिनीचा योग्य मोबदला मिळावा आणि विकसित झालेल्या जमिनीत मूळ मालकाचा वाटा असावा, अशी ती होती. १६ जानेवारीला जासई येथे आणि १७ जानेवारीला नवघर येथे पोलिसांनी गोळीबार केला. धुतूम आणि पागोटे या गावांतील पाच जण ठार झाले. त्या रक्तातून ‘साडेबारा टक्के’ हा शब्द जन्मला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व शासनाने मान्य केले. नवी मुंबईच्या बोलीभाषेत हा आता मालमत्तेच्या बाजारातील एक शब्द झाला आहे. तो उच्चारणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचे जन्मस्थान ठाऊक असते कोण जाणे!

बंदर १९८९ च्या मे महिन्यात कार्यान्वित झाले. नेहरूंच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष असल्याने त्याला त्यांचे नाव मिळाले. सिडकोच्या साडेबारा टक्क्यांचे वाटप जमेल तसे होत राहिले. बंदराच्या स्वतःच्या प्रकल्पग्रस्तांचा वाटा मात्र फायलीत अडकून पडला. शेतकरी जिल्ह्यात, सिडको मुंबईत, बंदर उरणमध्ये आणि बंदराच्या जमिनीचा मालक दिल्लीत, अशी ही चौकडी होती. राज्याने मान्य केलेले तत्त्व केंद्राच्या संस्थेला कितपत बांधील आहे, हा प्रश्न एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. अखेर १६ ऑगस्ट २०१४ रोजी बंदरात झालेल्या समारंभात पंतप्रधानांच्या हस्ते काही प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के जमिनीची इरादापत्रे देण्यात आली. जमीन नव्हे, जमिनीचे इरादापत्र. आणि तेही गोळीबाराला तीस वर्षे उलटल्यानंतर.

शेतकऱ्याला निदान सात-बारा होता. कोळ्याला तोही नव्हता. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवण्यात आला आणि तेथील अडीचशेंवर कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाडा या नव्या वसाहतीत नेण्यात आली. ही जागा वाळवीने पोखरलेली निघाली. घरांची लाकडे, दारे, कपाटे भुगा होऊन पडू लागली. समुद्रात चाळीस वाव खोलीवर जाळे टाकणाऱ्या माणसांना जमिनीतल्या कीटकाने हैराण करावे, यातील विसंगती एखाद्या कथाकाराच्या नजरेतून सुटायला नको होती. पुनर्वसन पुन्हा करा, ही त्यांची मागणी दशकानुदशके चालत राहिली. मासेमारीच्या हक्काचा प्रश्न वेगळ्या मार्गाने पुढे गेला. बंदराच्या विस्तारासाठी झालेला भराव, तोडलेली तिवरे आणि अडलेले खाडीचे प्रवाह यांमुळे उपजीविका बुडाल्याची तक्रार पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे नेली. २७ फेब्रुवारी २०१५ च्या निर्णयात न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक रकमेची भरपाई द्यावी, असा आदेश दिला. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. या निर्णयाचे महत्त्व रकमेहून अधिक आहे असे मला वाटते. ज्याच्या नावावर समुद्राचा एक थेंब नाही त्याचेही समुद्रात काही बुडू शकते, हे त्यात एका न्यायपीठाने मान्य केले.

न्यायबुद्धीने पाहता बंदराची बाजूही नोंदवली पाहिजे. मुंबईच्या जुन्या गोद्या कंटेनरयुगाला अपुऱ्या होत्या. जहाजे बाहेर दिवसेंदिवस खोळंबत आणि त्या खोळंब्याचा भुर्दंड शेवटी नाशिकच्या कांद्यावर आणि लुधियानाच्या लोकरीवर पडे. न्हावा-शेव्याने ही कोंडी फोडली. २०२३-२४ मध्ये या बंदरातून वीस फुटी मापाचे ६४ लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. देशाच्या बंदरव्यवस्थेचे नवे प्रयोगही येथेच झाले. १९९७ मध्ये पहिल्या खाजगी टर्मिनलचा करार झाला आणि १९९९ मध्ये ते सुरू झाले. त्यानंतर एकेक धक्का देशी-विदेशी कंपन्यांकडे गेला. २०२२ मध्ये बंदराने स्वतःचे शेवटचे कंटेनर टर्मिनलही सोपवून दिले आणि ते देशातील पहिले पूर्ण ‘लँडलॉर्ड पोर्ट’ बनले.

‘लँडलॉर्ड’ हा प्रशासनशास्त्रातील निरुपद्रवी पारिभाषिक शब्द आहे. जमीन आणि जलमार्ग संस्थेचा, धंदा भाडेकरूचा, एवढाच त्याचा अर्थ. जगातील बहुतेक मोठी बंदरे याच पद्धतीने चालतात. पण शब्दांना स्थानिक स्मरण असते. ज्या जिल्ह्यात खोताला हटवण्यासाठी सहा वर्षे संप झाला, त्याच जिल्ह्यात कुळाच्या नातवाची जमीन घेणाऱ्या संस्थेने स्वतःला अभिमानाने ‘लँडलॉर्ड’ म्हणवून घ्यावे, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याला तरी खटकल्याशिवाय राहू नये. या शब्दाचे मराठी भाषांतर करण्याची वेळ आली, तर ‘जमीनदार’ म्हणायचे की ‘खोत’?

२०२१ मध्ये प्रमुख बंदर प्राधिकरण कायदा लागू झाला. त्यामुळे १९६३ चा कायदा मागे पडला आणि ‘विश्वस्त’ हा शब्दही इतिहासजमा झाला. त्याच्या जागी ‘प्राधिकरण’ आले. एका अर्थी ही शब्दाची प्रामाणिक दुरुस्तीच म्हणावी लागेल. नव्या मंडळात अध्यक्ष, उपाध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि सीमाशुल्क यांचा प्रत्येकी एक सदस्य, केंद्राने नेमलेला एक अधिकारी, दोन ते चार स्वतंत्र सदस्य आणि कर्मचाऱ्यांच्या हिताचे दोन प्रतिनिधी असतात. १९४८ च्या कामगाराचे स्थान टिकले आहे, ही समाधानाची बाब. ज्यांच्या जमिनीवर किंवा ज्यांच्या मासेमारीच्या पाण्यात बंदर उभे आहे त्यांच्यासाठी जागा १८७३ मध्ये नव्हती, १९६३ मध्ये नव्हती आणि २०२१ मध्येही ठेवली गेली नाही. राज्य सरकारचा एक प्रतिनिधी त्यांच्या वतीने बोलेल, असा युक्तिवाद होऊ शकतो. १९८४ च्या जानेवारीत जासईत गोळीबार करणारे पोलीस राज्य सरकारचेच होते, हे लक्षात घेता तो युक्तिवाद फार ताणता येत नाही.

हा विषय भूतकाळाचा नाही. डहाणू तालुक्यातील वाढवण येथे बंदर उभारण्याचा प्रस्ताव प्रथम १९९० च्या दशकात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले होते. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे दादा धर्माधिकाऱ्यांचे पुत्र, गांधीविचारात वाढलेले आणि मराठीत सातत्याने लिहिणारे. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील अशा डहाणूत बंदराला अनुमती देता येणार नाही, असा निर्णय दिला. दिल्लीतील मंत्रालयावर सेवानिवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील स्थानिक प्राधिकरणाने घातलेला हा अंकुश आपल्या बंदरांच्या इतिहासात एक अपूर्व गोष्ट होती. धर्माधिकाऱ्यांचे २०१९ च्या जानेवारीत निधन झाले. २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवणला तत्त्वतः मान्यता दिली. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने अटींसह ना-हरकत दिली. १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली.

वाढवणचे बंदर समुद्रात भराव घालून करावयाचे आहे. सुमारे १,४४८ हेक्टर नवी जमीन पाण्यातून वर येईल. किनाऱ्याजवळच वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली मिळते, म्हणून जगातील सर्वांत मोठी कंटेनर जहाजे येथे लागू शकतील, हे त्याचे वैशिष्ट्य. गावे उठवावी लागणार नाहीत, हा त्याच्या समर्थनातील मुख्य मुद्दा आहे आणि न्हावा-शेव्याच्या अनुभवानंतर तो साहजिक आहे. जमीन लागेल ती मुख्यतः रस्ता आणि रेल्वे यांना. पण त्यातून एक नवाच पेच उद्भवतो. १८९४ चा कायदा जाऊन २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या भूसंपादन कायद्याने काही प्रकारच्या प्रकल्पांसाठी सत्तर किंवा ऐंशी टक्के बाधितांच्या संमतीची अट घातली. अमात्याच्या ‘राजी करणे’ या कल्पनेचे, सरकारी प्रकल्प वगळून का होईना, कायद्यात तीनशे वर्षांनी झालेले हे पुनरागमन. मात्र ही संमती जमिनीच्या मालकाची आहे. समुद्राला सात-बारा नसतो आणि म्हणून तेथे संमती मागण्याजोगा कोणी मालकही कायद्याला सापडत नाही. वाढवण, वरोर, धाकटी डहाणू या गावांतील मच्छीमार ज्या खडकाळ उथळ पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मासे धरतात, त्याची हद्द त्यांना तोंडपाठ असते. ती कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात नाही.

बंदराच्या उभारणीसाठी स्थापन झालेल्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचे ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचे २६ टक्के भाग आहेत. हिशोब पूर्ण शंभराचा आहे. जासईच्या लोकांनी मागितले होते तसे साडेबारा टक्के त्यात बसवावयाचे झाले, तर ते या दोहोंपैकी कोणाच्या वाट्यातून काढावे लागतील, हा प्रश्न वरोरच्या किनाऱ्यावर आज विचारला जाऊ शकतो. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार दिल्लीकडे आहे.